संत कॅमिलस : हरलेला जुगारी, रुग्णांचा सेवक



दर वर्षी १४ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत कॅमिलस दे लेलिस ह्यांचा सण पाळते. भर पावसाळ्यात येणारा हा सण आपल्याकडे फारसा गाजत नाही. संत अंतोनी किंवा संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याप्रमाणे त्यांच्या नावाने मोठ्या नोव्हेना होत नाहीत. आपल्या घरांच्या भिंतींवर त्यांची तसबीरही क्वचितच दिसते. मात्र आपल्या धर्मग्रामातील ज्या भगिनी पहाटेची गाडी पकडून इस्पितळात कामाला जातात, त्या परिचारिकांचे ते आश्रयदाते संत आहेत. जे खाटेवर पडून आहेत आणि जे त्यांच्या उशाशी जागत आहेत, त्यांचेही ते आश्रयदाते आहेत.

त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले त्याला आणखी एक कारण आहे. घरभेटींच्या वेळी, कार्यालयात किंवा मिस्सा संपल्यावर देवळाच्या पायरीवर एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. शब्द वेगवेगळे असतात, पण आशय एकच असतो. इतक्या वेळा ठरवले, उपवासकाळात शपथ घेतली, पापनिवेदन केले, तरी पुन्हा तेच घडले. मग देव आता तरी आपल्याला जवळ करील का, असा तो प्रश्न असतो. कुणाच्या घरात दारू असते, कुणाच्या घरात पत्ते, कुणाच्या जिभेवर राग असतो. चूक झाल्याच्या दुःखाहून ती पुन्हा पुन्हा होते ह्याची लाज मोठी असते. अशा माणसांपुढे ठेवावे असे संत कॅमिलस ह्यांचे जीवन आहे, कारण त्यांनीही देवाला दिलेला शब्द एकदा नव्हे, अनेकदा मोडला होता.

सैनिकाचा मुलगा

कॅमिलसचा जन्म २५ मे १५५० रोजी इटलीतील बुकियानिको ह्या गावी झाला. हे गाव त्या वेळी नेपल्सच्या राज्यात होते. त्याची आई कॅमिला हिला हा मुलगा उतारवयात झाला. शेजारीपाजारी नवल करीत होते आणि आई आनंदात होती, पण तिच्या मनात एक भीतीही होती. परंपरा अशी सांगते की, गरोदर असताना तिला स्वप्न पडले. छातीवर लाल क्रूस असलेला एक मुलगा तिला दिसला आणि त्याच्यामागून तसाच क्रूस लावलेली मुलांची रांग चाललेली दिसली. आपला मुलगा लुटारूंच्या टोळीचा म्होरक्या होणार, असा अर्थ त्या बिचाऱ्या माउलीने काढला.

वडील जोव्हान्नी हे पेशाने सैनिक. कधी ह्या राजाच्या तर कधी त्या राजाच्या फौजेत त्यांची चाकरी चाले. घरी ते क्वचितच असत. मुलगा अंगाने थोराड, डोक्याने तापट आणि अभ्यासात मागे. वाढत्या वयात त्याला पत्ते व फासे ह्यांचा नाद लागला. हा नाद वडिलांनाही होता. कॅमिलस बारा-तेरा वर्षांचा असताना आई वारली. मुलाच्या भविष्याची काळजी सोबत घेऊनच ती गेली असावी. ज्या आया आपल्या मुलांसाठी रात्री जपमाळ हातात घेऊन बसतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. कॅमिलाला आपल्या स्वप्नाचा खरा अर्थ ह्या जगात कधीच कळला नाही.

विशीच्या आसपास तो वडिलांबरोबर व्हेनिसच्या फौजेत भरती होण्यासाठी निघाला. तुर्कांविरुद्ध लढाईची तयारी चालू होती. वाटेतच वडील आजारी पडले आणि वारले. कॅमिलस एकटा उरला. त्याच सुमारास त्याच्या पायाला एक लहानशी जखम झाली. तिच्याकडे दुर्लक्ष झाले आणि ती चिघळली. हीच जखम पुढे त्याला मरेपर्यंत साथ देणार होती.

मोडलेला शब्द

त्या हलाखीच्या दिवसांत कॅमिलसला रस्त्याने दोन फ्रान्सिस्कन संन्यासी जाताना दिसले. त्यांचा शांत, विनम्र चेहरा पाहून त्याला गहिवरून आले. आपणही फ्रान्सिस्कन होऊ असा नवस त्याने तिथल्या तिथे केला. त्याचे एक नातलग फ्रान्सिस्कन मठाधिपती होते. तो त्यांच्याकडे गेला. पण पायाची जखम पाहून त्याला प्रवेश मिळाला नाही. पुढे दिवस पालटले, हातात थोडे पैसे खेळू लागले आणि नवस मागे पडला.

१५७१ साली उपचारांसाठी तो रोमला गेला. तेथे संत याकोबाचे इस्पितळ होते. ज्यांचा रोग बरा होण्याची आशा नाही अशा रुग्णांसाठी ते चालवले जाई. पैसे नसल्यामुळे कॅमिलसने तेथे नोकराचे काम पत्करले आणि त्या मोबदल्यात उपचार घेतले. पाय जरा बरा झाला, पण स्वभाव होता तसाच राहिला. काम सोडून तो टायबर नदीच्या काठी नावाड्यांबरोबर पत्ते कुटत बसे. इतर नोकरांशी त्याची भांडणे होत. अखेर इस्पितळाने त्याला काढून टाकले. हे इस्पितळ आपण लक्षात ठेवू या. ह्या कथेत ते पुन्हा येणार आहे.

पुढची तीन वर्षे त्याने सैनिकी केली, आधी व्हेनिससाठी आणि मग स्पेनसाठी. भूक, आजार आणि समुद्रावरचे वादळ ह्या सगळ्यांतून तो गेला. वादळात जीव जाण्याची वेळ आली तेव्हा त्याला जुना नवस आठवला आणि तो त्याने पुन्हा केला. किनाऱ्याला लागल्यावर त्याचे पाय मठाकडे वळले नाहीत, जुगाराच्या अड्ड्याकडे वळले. १५७४ साली नेपल्समध्ये तो सर्वस्व हरला. तलवार गेली, बंदूक गेली, अंगरखा गेला आणि शेवटी अंगातला सदराही गेला. भर रस्त्यात तो सदरा उतरवून द्यावा लागला, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

इथे थोडे थांबू या. भीतीपोटी केलेला नवस खोटा असतो असे मी म्हणणार नाही. देव आपल्या भीतीचाही उपयोग करून घेतो. पण भीती संपली की तिच्या जोरावर केलेला निश्चयही ओसरतो, हे कॅमिलसच्या उदाहरणावरून दिसते. वादळात तो मनापासून बोलला होता, त्यात शंका नाही. त्याच्यापाशी नव्हते ते वादळानंतरच्या दिवसाचे नियोजन. आज मी कुठे जाईन, कोणाबरोबर बसेन, हातांना काय काम देईन, ह्याचा त्याने विचारच केला नव्हता. आपलेही पुष्कळ संकल्प असेच वाहून जातात.

दगड वाहणारे हात

त्या हिवाळ्यात कॅमिलस मांफ्रेदोनिया ह्या गावी एका देवळाच्या दारात भीक मागत उभा होता. सहा फुटांहून उंच, धिप्पाड, तरुण सैनिक हात पसरून उभा राहिला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. एका सद्गृहस्थाने त्याला पाहिले आणि काम देऊ केले. गावात कॅपुचिन संन्याशांच्या मठाचे बांधकाम चालू होते. तेथे गाढवांवरून दगड, चुना आणि पाणी वाहून आणायचे होते. कॅमिलसने ते पत्करले. त्यामागे धर्मभावना नव्हती. हिवाळा निघेल, चार पैसे गाठीला लागतील आणि मग पुन्हा फौजेत जाता येईल, एवढाच त्याचा हिशेब होता.

१ फेब्रुवारी १५७५ रोजी त्याला एका कामासाठी सान जोव्हान्नी रोतोंदो येथील कॅपुचिन मठात पाठवण्यात आले. हे नाव आपल्यापैकी अनेकांना ओळखीचे वाटेल. साडेतीनशे वर्षांनंतर ह्याच मठात संत पाद्रे पियो राहिले. तेथील मठप्रमुख फादर आंजेलो त्या रात्री ह्या गाढव हाकणाऱ्या मजुराशी बोलत बसले. त्यांनी त्याला काही मोठे प्रवचन दिले नाही. देव हेच सर्वस्व आहे आणि बाकी सारे व्यर्थ आहे, एवढाच त्यांच्या बोलण्याचा सारांश होता. दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाचा सण होता. सकाळच्या उपासनेत आशीर्वादित मेणबत्ती घेऊन कॅमिलस परतीच्या वाटेला लागला. खडकाळ, निर्जन वाटेवर फादर आंजेलोंचे बोलणे त्याच्या मनात घोळू लागले. तो खेचरावरून खाली उतरला, दगडांवर गुडघे टेकले आणि आपल्या वाया गेलेल्या वर्षांसाठी ढसाढसा रडला. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. पुढे आयुष्यभर त्याने २ फेब्रुवारी हा आपल्या परिवर्तनाचा दिवस म्हणून पाळला.

ह्या प्रसंगाआधी कॅमिलसने अनेक आठवडे दगड वाहिले होते, हे मला महत्त्वाचे वाटते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आम्हाला शिकवला होता. घर बांधून माणूस गवंडी होतो, तसा चांगली कृती करून करून तो चांगला होतो, असा त्याचा आशय आहे. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तो विचार पुढे नेला आणि त्याला देवाच्या कृपेची जोड दिली. कॅमिलसने ह्यांतले काही वाचलेले नव्हते. पण वेळेवर उठणे, सांगितलेले काम करणे, मिळेल ते खाणे, संध्याकाळी दमून झोपणे, ह्या साध्या गोष्टींनी त्याच्या मनाची जमीन नांगरली गेली होती. फादर आंजेलोंचे शब्द त्या नांगरलेल्या जमिनीत पडले. कृपा ही देवाची देणगी आहे, ती आपण कमवू शकत नाही. जमीन नांगरून ठेवणे मात्र आपल्या हाती असते.

बंद झालेले दार

आता सगळे सुरळीत होईल असे कुणालाही वाटले असते. कॅमिलस कॅपुचिन मठात दाखल झाला. ह्या वेळी तो मनापासून आला होता. पण संन्याशाच्या जाड झग्याची कड पायाच्या जखमेवर घासू लागली आणि जखम पुन्हा उघडली. त्याला मठ सोडावा लागला. तो रोमला गेला आणि त्याच संत याकोबाच्या इस्पितळाच्या दारात जाऊन उभा राहिला, जेथून चार वर्षांपूर्वी त्याला जुगारी म्हणून हाकलले होते.

बंधू-भगिनींनो, हे पाऊल उचलणे किती अवघड गेले असेल ह्याची कल्पना करा. आपली जेथे फजिती झाली त्या घरी, त्या वाड्यात, त्या कार्यालयात परत जायला आपण धजत नाही. नव्या ठिकाणी, जेथे आपल्याला कुणी ओळखत नाही, तेथे नवी सुरुवात करणे सोपे वाटते. कॅमिलस जेथे चुकला होता तेथेच परत गेला. तीच खोली, त्याच खाटा, त्याची लक्तरे पाहिलेली तीच माणसे. ह्या वेळी तो रुग्णांची सेवा करू लागला आणि पाहता पाहता सगळ्यांच्या विश्वासाला पात्र ठरला.

ह्याच काळात त्याला संत फिलीप नेरी हे आध्यात्मिक मार्गदर्शक लाभले. रोममधील तरुणांना हसतखेळत देवाकडे नेणारे हे थोर धर्मगुरू त्याचे पापनिवेदन ऐकत असत. जखम भरताच कॅमिलसला पुन्हा कॅपुचिन मठाची ओढ लागली. फिलीप नेरी ह्यांना हा बेत पसंत नव्हता. कॅमिलस तरीही गेला, जखम पुन्हा उघडली आणि १५७९ साली मठाचे दार त्याच्यासाठी कायमचे बंद झाले. तो तिसऱ्यांदा त्याच इस्पितळात आला. आता त्याला इस्पितळाच्या कारभाऱ्याचे पद देण्यात आले. ज्याला बेशिस्तीसाठी काढले होते, त्याच्याच हाती शिस्त सोपवली गेली.

मठाचे दार का बंद झाले, हे तेव्हा त्याला कळले नसेल. आपण काही चांगले करायला निघालो आणि देवानेच वाट अडवली, असे वाटण्यासारखा तो प्रसंग होता. आज मागे वळून पाहताना दिसते की, जी जखम त्याला मठात टिकू देत नव्हती तीच त्याला पुन्हा पुन्हा रुग्णांकडे आणून सोडत होती. अशा अर्थाची घाई मात्र आपण करू नये. दुसऱ्याच्या दुःखावर देवाची इच्छा म्हणून चटकन शिक्का मारणे सोपे असते. कॅमिलसलाही तो अर्थ उमगायला वर्षे लागली आणि तो त्याने स्वतः शोधला.

खाटेवरचा ख्रिस्त

त्या काळच्या इस्पितळांची अवस्था वाईट होती. सेवक पगारी असत, पगार तुटपुंजा असे आणि नाइलाजाने आलेली माणसे ते काम करीत. रुग्णांना वेळेवर अन्न मिळत नसे, अंथरूण बदलले जात नसे. मरणाऱ्या माणसाजवळ प्रार्थना म्हणायलाही कुणी नसे. कारभारी म्हणून कॅमिलस रात्री-अपरात्री फेरी मारी आणि कामचुकारांना पकडी. कामचुकारांच्या सगळ्या युक्त्या त्याला ठाऊक होत्या, कारण एके काळी त्याने त्या स्वतः केल्या होत्या! परंतु नियम आणि देखरेख ह्यांनी फार काही साधत नाही, हे त्याच्या लक्षात आले. १५८२ साली, पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणाच्या सुमारास, एका रात्री त्याला वाटले की, पैशासाठी नव्हे तर देवावरील प्रेमापोटी सेवा करणारी माणसे एकत्र यायला हवीत. आजारी बाळाची सेवा आई जशी करते तशी ती त्यांनी करायला हवी.

पाचजण त्याच्याबरोबर आले. एका खोलीत क्रूसमूर्ती ठेवून ते प्रार्थना करू लागले. पण इस्पितळाच्या चालकांना संशय आला की, हा कारभारी सत्ता आपल्या हातात घेऊ पाहतो आहे. त्यांनी ती खोली मोडली आणि एकत्र येण्यास मनाई केली. कॅमिलस खचला. ती क्रूसमूर्ती उचलून त्याने आपल्या खोलीत नेली. परंपरा सांगते की, त्या क्रूसावरील प्रभूने त्याला धीर दिला आणि हे काम कॅमिलसचे नसून प्रभूचे आहे ह्याची जाणीव करून दिली. ती क्रूसमूर्ती आजही रोममधील मरिया माग्दालेना ह्यांच्या देवळात जपून ठेवली आहे.

आपण धर्मगुरू झालो तर ह्या कामाला आधार मिळेल, असे आता कॅमिलसला वाटू लागले. अडचण एकच होती. त्याला लॅटिन येत नव्हते. बत्तिसाव्या वर्षी तो येशूसंघीयांच्या रोमन कॉलेजात सर्वांत खालच्या वर्गात लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसला. हा अगडबंब विद्यार्थी पाहून मुले त्याची थट्टा करीत. ह्या कॉलेजाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला हेही एके काळी बार्सिलोनात तिशी उलटल्यावर मुलांबरोबर लॅटिन शिकले होते. लहानपणी शाळा चुकवून वाया घालवलेली वर्षे कॅमिलसने अशी परत मिळवली. १५८४ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली. धर्मछळामुळे मायदेश सोडून रोममध्ये राहिलेले वृद्ध बिशप थॉमस गोल्डवेल ह्यांनी ती दिली.

फादर कॅमिलस आता संत याकोबाचे इस्पितळ सोडून आपल्या सोबत्यांसह वेगळे राहू लागले. फिलीप नेरी ह्यांना हेही रुचले नाही आणि त्यांनी कॅमिलस ह्यांचे मार्गदर्शन थांबवले. दोन संतांमध्ये असा मतभेद झाला हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. पण दोन्ही वेळांतला फरक पाहण्यासारखा आहे. पहिल्या वेळी कॅमिलस आपला मोडलेला नवस फेडायला निघाले होते. त्या वेळी त्यांची नजर आपल्या जुन्या चुकीवर होती. दुसऱ्या वेळी त्यांची नजर रुग्णांवर होती. भूतकाळातून शिकणे म्हणजे भूतकाळाकडे तोंड करून बसणे नव्हे, हे त्यांना एव्हाना उमगले होते.

जवळच्या सांतो स्पिरितो ह्या मोठ्या इस्पितळात ते आणि त्यांचे सोबती रोज जाऊ लागले. १५८६ साली पोप सिक्स्टस पाचवे ह्यांनी त्यांच्या संघाला मान्यता दिली आणि काळ्या झग्यावर लाल क्रूस लावण्याची परवानगी दिली. आईने स्वप्नात पाहिलेली ती रांग अशी प्रत्यक्षात आली. रुग्णवाहिकांवर आपण पाहतो तो रेड क्रॉस वेगळा आहे. ते चिन्ह १८६० च्या दशकात जिनिव्हात ठरले. पण त्याच्या जवळजवळ पावणेतीनशे वर्षे आधी हा दुसरा लाल क्रूस रुग्णांच्या खाटांमधून फिरत होता. १५९१ साली पोप ग्रेगरी चौदावे ह्यांनी संघाला पूर्ण व्रतस्थ संघाचा दर्जा दिला. दारिद्र्य, शुद्धता आणि आज्ञापालन ह्या तीन व्रतांबरोबर हे बंधू चौथे व्रत घेतात. प्लेगसारख्या संसर्गाच्या साथीतही, जिवावर बेतले तरी, रुग्णांची सेवा करण्याचे हे व्रत आहे. ते कागदावर राहिले नाही. नेपल्सजवळ साथीमुळे किनाऱ्यापासून दूर ठेवलेल्या जहाजांवर हे बंधू गेले आणि त्यांतल्या काहींनी तेथे प्राण दिले.

फादर कॅमिलस वैद्य नव्हते. तरीही खिडक्या उघड्या ठेवून खेळती हवा येऊ देणे, संसर्गजन्य रुग्णांना वेगळे ठेवणे, ज्याच्या-त्याच्या प्रकृतीप्रमाणे आहार देणे ह्यांबाबत ते आग्रही होते. रुग्णाचा प्राण गेल्यासारखा वाटला तरी लगेच चेहरा झाकू नये, थोडा वेळ प्रार्थना करीत थांबावे, असा त्यांचा दंडक होता. जिवंत माणसाला मृत समजून नेल्याचे प्रकार त्या काळी घडत. १५९८ च्या नाताळाच्या दिवसांत टायबर नदीला महापूर आला आणि पाणी सांतो स्पिरितो इस्पितळात शिरले. तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी रात्रभर रुग्णांना उचलून वरच्या मजल्यावर नेले. ज्या नदीच्या काठी ते पत्ते खेळत बसत, तीच ही नदी होती.

शेवटपर्यंत वाहिलेली जखम

ह्यानंतरही चुका झाल्या नाहीत असे नाही. संघ झपाट्याने वाढला आणि कर्ज वाढत गेले. कोणती इस्पितळे घ्यावीत, बंधूंनी इस्पितळातच राहावे की मठात, ह्यावरून संघात तीव्र मतभेद झाले. फादर कॅमिलस मनाला पटलेल्या गोष्टीवर अडून बसत. १६०७ साली त्यांनी संघप्रमुखपद सोडले आणि स्वतः स्थापन केलेल्या संघात ते साधे सेवक होऊन राहिले. ह्या मनुष्याला खुर्ची सोडता आली, कारण रिकाम्या हाताने जगणे त्याला नवीन नव्हते.

पायाची जखम कधीच भरली नाही. तिच्याबरोबर हर्निया, मूतखडा, तळपायांची दुखणी आणि अन्नावरची वासना जाणे असे आजार जडले. ह्या सर्वांना ते देवाने केलेली दया म्हणत. पाय ओढत, भिंतीला धरून ते एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत जात. रुग्णापुढे ते जणू ख्रिस्तापुढे असल्याप्रमाणे वागत. आपल्या पापांची क्षमा त्याच्याकडे मागत. १४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. पोप बेनेडिक्ट चौदावे ह्यांनी १७४६ साली त्यांना संतपद बहाल केले. १८८६ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी त्यांना संत जॉन ऑफ गॉड ह्यांच्यासमवेत रुग्णांचे व इस्पितळांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. १९३० साली पोप पायस अकरावे ह्यांनी दोघांना परिचारिकांचेही आश्रयदाते केले.

आपल्यासाठी

एक गोष्ट मी स्वतःबद्दल सांगतो. धर्मगुरू झालो त्या पहिल्या वर्षांत एका रात्री मला एका वृद्ध रुग्णाला रुग्णाभ्यंग देण्यासाठी बोलावले होते. मी गेलो, प्रार्थना म्हटल्या, तेल लावले आणि दहा मिनिटांत निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा होती आणि मला झोप हवी होती. निघताना त्या माणसाने माझा हात धरला होता. मी तो हळूच सोडवून घेतला. पहाटे ते गेले. विधीत काही कमी पडले नव्हते, पण मी कमी पडलो होतो. ते घर नंतर मी कितीतरी दिवस टाळले. संत कॅमिलस ह्यांचे चरित्र नीट वाचले तेव्हा ध्यानात आले की, टाळून काही दुरुस्त होत नाही. मी त्या घरी परत गेलो आणि त्यांच्या पत्नीजवळ बसलो. तेव्हापासून रुग्णाकडे गेलो की आधी खुर्ची ओढून बसतो आणि मगच पुस्तक उघडतो. त्या चुकीचे ओझे हलके झाले असे म्हणणार नाही. तिने मला बसायला शिकवले, एवढे मात्र खरे.

चूक माणसाला आपोआप शहाणे करीत नाही. तसे असते तर नेपल्सला पोहोचण्याआधीच कॅमिलस शहाणे झाले असते. चुकीनंतर आपण कुठे जातो ह्यावर बरेच अवलंबून असते. कॅमिलस काम करणाऱ्यांच्या संगतीत गेले, फादर आंजेलोंचे ऐकले, पापनिवेदनाला गेले आणि जेथे चुकले होते तेथेच परत जाऊन वेगळे वागू लागले. आपल्यापैकी कुणी वारंवार पडत असेल तर त्याने आणखी मोठी शपथ घेण्याची गरज नाही. उद्याची संध्याकाळ कशी घालवायची हे त्याने ठरवावे, एका विश्वासू माणसाला ते सांगावे आणि पापनिवेदनाला यावे. कितव्यांदा आलात, हे प्रभू मोजत नाही.

आणि ज्यांच्या घरी असा माणूस आहे, त्यांनी संत याकोबाच्या इस्पितळाचा विचार करावा. त्या इस्पितळाने एकदा त्याला काढले, ते रास्तच होते. रुग्णांचे हाल होऊ देऊन जुगाऱ्याला सांभाळणे हा काही दयेचा मार्ग नव्हता. पण तो बदलून आला तेव्हा त्याच इस्पितळाने दार उघडले, त्याला पारखले आणि शेवटी किल्ल्या त्याच्या हाती दिल्या. दार कधी लावावे आणि कधी उघडावे, हे ओळखण्याचे शहाणपण आपण देवाकडे मागू या.

ह्या आठवड्यात आपल्या आळीतील एका आजारी व्यक्तीकडे जाऊन बसा. फळे नेली नाहीत तरी चालेल, वेळ न्या. परिचारिका म्हणून राबणाऱ्या आपल्या मुली-सुनांसाठी कुटुंबाच्या प्रार्थनेत एक प्रणाम मरिया अधिक म्हणा. ज्यांना अंथरुणावरून उठता येत नाही आणि ज्यांना घरी पवित्र कम्युनियन हवे आहे, त्यांची नावे मिस्सानंतर मला सांगा.

हे प्रभू येशू, तू संत कॅमिलस ह्यांना त्यांच्या जखमेसह आपलेसे केलेस आणि त्यांच्या चुकांमधून इतरांसाठी सांत्वनाची वाट काढलीस. आम्ही पडलो तेव्हा लाजेने दूर न जाता तुझ्याकडे परत येण्याचे बळ आम्हाला दे. आमच्या घरातील आजारी माणसांत तुला ओळखण्याची दृष्टी दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू